मांडून ठेवलेला डाव

चातुर्मासात सुनेत्राबाईंचे तीन नेम असत. दिवसातून एकदाच जेवायचं. जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि पानावर बसण्याआधी दारी आलेल्या एका तरी माणसाच्या पोटात आपल्या घरचं काहीतरी गेलेलं असलं पाहिजे. हा तिसरा नेम सासूबाईंकडून आलेला, आणि खरी मेख त्यातच होती. येणारा माणूस आपण होऊन आला पाहिजे. बोलावलेला चालत नाही, कुणी पाठवलेला चालत नाही. दिवेलागणीपर्यंत कुणी फिरकलंच नाही तर त्या दिवशी उपास.

ऐकणाऱ्या बायका म्हणत, "बाई गं, कसं जमतं तुम्हाला?" सुनेत्राबाई नुसत्या हसत. जमायला काय झालं? त्यांच्याकडे फारुकभाई होते.

फारुकभाई दोन घरं सोडून, पायऱ्या-पायऱ्यांच्या पाखाडीच्या खालच्या अंगाला राहत. उभा जन्म जहाजावर काढून आता रत्नागिरीत परटवण्याला घरी स्थिरावलेले. दुपारची नमाज आटोपली की छत्री झटकत ते वर येत, पडवीतल्या बाकावर बसत, आणि सुनेत्राबाईंचे यजमान दत्तात्रेय बुद्धिबळाचा पट मांडत. दत्तात्रेय कचेरीतून निवृत्त झाल्यापासून हा क्रम चुकला नव्हता. सुनेत्राबाई चहा आणि त्याच्याबरोबर काहीतरी बाहेर नेऊन ठेवत. घावन असेल, खांडवी असेल, नाहीतर नुसती फणसाची साटं. फारुकभाईंनी पहिला घोट घेतला की त्या आत जाऊन आपलं पान वाढून घेत. फारुकभाईंना या नेमाची गंधवार्ता नव्हती. ती द्यायचीही नव्हती. एकदा सांगितलं की माणूस पाहुणा राहत नाही, कामावर आल्यासारखा येतो.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घरात तो उस्ताद आला.

आला म्हणजे मोबाइलमधून आला. मे महिन्यात आर्या, त्यांची लेक, पुण्याहून आली होती. जाताना तिने बापाच्या फोनवर काहीतरी लावून दिलं. "बाबा, तुम्ही एवढे खेळता ना, मग हा बघा. धमाल आहे एकदम." कुरळ्या केसांचा एक तरुण, मागे निळा दिवा, कानांवर ती मोठी डबडी. स्वतःला उस्ताद म्हणवून घ्यायचा. खेळायचा मात्र खरोखरच उत्तम, त्यात शंका नाही. पण तो त्याच्या तोडीच्या माणसांशी खेळत नसे. देशभरातल्या नवशिक्यांशी खेळे, आणि खेळता खेळता अखंड बोले. "बघा, साहेबांनी राजाचं दार उघडं टाकलंय, आता आपला घोडा आत जाऊन चहा पिऊन येणार. अरे अरे अरे, उंट कुठे निघाला? लग्नाला?" आणि समोरच्याने मोठी चूक केली की हात डोक्याला लावून, "बाळा, हे तुला आईने शिकवलं का?"

की खाली हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस.

सुरुवातीला सुनेत्राबाईंनाही तो बरा वाटला. देवघराच्या उंबऱ्याशी वाती वळत बसलेल्या असताना ते बोलणं कानावर पडे आणि मधूनच हसू येई. पोरगा समजावूनही छान सांगायचा. ही चाल का वाईट, त्याऐवजी काय करायला हवं होतं. पण ते समजावणं यायचं शेवटी, डाव संपल्यावर. आणि डाव संपला की दत्तात्रेय पुढचा लावत.

त्यामुळे ते पहिल्यांदा जे शिकले ते बुद्धिबळ नव्हतं. बडबड होती.

एरवी दत्तात्रेय म्हणजे मितभाषी माणूस. घरात दिवसभरात मोजकं बोलणार, त्यातलं निम्मं हवामानाबद्दल. आता मात्र त्यांच्या अंगात वारं शिरलं. सुनेत्राबाईंनी गॅसचं चुकीचं बटण फिरवलं की मागून आवाज, "अरे अरे अरे, काय ही चाल!" आमटीत मीठ कमी पडलं की, "बाईंनी मिठाचं प्यादं हलवलंच नाही आज. बघूया, पुढे महागात पडतंय का." आणि सगळ्यात कहर म्हणजे जेवताना. सुनेत्राबाई मौनात. बाहेर फारुकभाई चालीचा विचार करत असले की हे आत येऊन समोर पाट सरकवून बसणार आणि सुरू करणार.

"आता हात भेंडीकडे जातोय. जातोय, जातोय… नाही! कोशिंबीर! कुणालाच वाटलं नव्हतं मंडळी!"

सुनेत्राबाईंनी डोळे वटारले.

"डोळे वटारण्याची चाल. जुनीच आहे, पण घातक."

पान संपेपर्यंत त्या धुमसत. हात धुवून तोंड उघडायची वेळ येई तोवर राग निवलेला असे, आणि निवलेल्या रागाने माणसाला काय बोलणार? "पुरे हो आता," एवढंच म्हणत. देवघरात बाळकृष्णाला मात्र सांगत, "मौन मी धरलंय, पण ते ह्यांच्या सोयीसाठी नाही, एवढं ध्यानात असू दे."

बुद्धिबळ ते त्यानंतर शिकले, तेही अर्धंच. उस्तादाची एक खोड होती. समोरचा फारच कच्चा असला की तो मजा यावी म्हणून सुरुवातीलाच आपला वजीर देऊन टाके आणि मग उरलेल्या घोड्या-उंटांनी डाव जिंके. दत्तात्रेयांनी यातून असा अर्थ काढला की मोठा खेळाडू वजीर देतो. वजीर सांभाळत बसणारे आपल्यासारखे भित्रे. झालं. फारुकभाईंसमोर त्यांनी वजीर उधळायला सुरुवात केली.

फारुकभाई पहिल्या दिवशी गांगरले. "अरे दत्तू, वजीर मरतोय तुझा."

"मरू दे."

"मरू दे म्हणजे? चाल परत घे. मी काय पाहिली नाय."

"साहेब घाबरले, मंडळी! फुकटचा वजीरसुद्धा घ्यायला घाबरतायत!"

इथे मंडळी म्हणजे सुनेत्राबाई आणि पडवीच्या कठड्यावरचं मांजर. फारुकभाईंनी वजीर मारला. पण या अखंड बोलण्याने त्यांचं डोकं असं भंजाळलं की तो डाव ते हरले. पुढचाही. चालीने नाही, बडबडीने हरले. दत्तात्रेयांना मात्र वाटलं आपण पोहोचलो.

"अहो, जरा गप्प खेळा ना," एकदा सुनेत्राबाई म्हणाल्या. "त्यांना विचार तरी करू द्या."

"अगं, तीच तर मजा आहे. तो उस्ताद रोज कितीजणांना बोलतो, एक तरी उठून जातो का?"

"त्याच्यासमोर बसलेलं असतं कोण? उठायला माणूस तर हवा!"

हे दत्तात्रेयांच्या कानापर्यंत गेलं, पुढे गेलं नाही.

मग तो दिवस आला. श्रावण लागला होता. सुनेत्राबाईंनी हळदीच्या पानातले पातोळे केले होते, आणि पातोळे म्हणजे फारुकभाईंचा जीव. चहा आणि ताटलीत वाफाळते पातोळे घेऊन त्या बाहेर आल्या. डाव रंगात होता. फारुकभाईंनी बराच वेळ कपाळ चोळलं, आणि हत्ती उचलून भलत्याच घरात नेऊन ठेवला. सुनेत्राबाईंनासुद्धा कळलं, आता हा हत्ती जाणार.

दत्तात्रेयांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "बाळा, हे तुला अम्मीने शिकवलं का?"

फारुकभाईंनी पटावरचा हात मागे घेतला.

कारण खरोखरच अम्मीने शिकवलं होतं. फारुकभाईंचे वडीलही जहाजावरचे, वर्षावर्षाने घरी येणारे. संगमेश्वरला आजोळी अम्मीने कापडाचे तुकडे जोडून पट शिवला होता आणि लेकाला घोडा कसा चालतो ते शिकवलं होतं. ही गोष्ट या पडवीत किती वेळा सांगून झाली असेल. ती म्हातारी गेल्या रमजानच्या आधी गेली, तेव्हा दत्तात्रेयांनी स्वतः खांदा दिला होता.

फारुकभाई उठले. चपला शोधायला त्यांना जरा वेळ लागला.

"होय," ते म्हणाले. "अम्मीनेच शिकवलान."

आणि भर पावसात पाखाडी उतरून गेले. छत्री कोपऱ्यातच राहिली. चहावर साय धरली. सुनेत्राबाई ताटलीतल्या पातोळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"अगं, गमतीत म्हटलं मी," दत्तात्रेय म्हणाले. "येईल उद्या. पट हलवू नकोस हां. डाव माझ्या हातात आहे."

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत कुणी आलं नाही. सुनेत्राबाईंनी देवापुढे निरांजन लावलं, साखर-पाणी घेतलं आणि आडव्या झाल्या.

उद्या फारुकभाई आले नाहीत. परवाही नाहीत. पट मात्र पडवीत तसाच मांडलेला. केर काढताना सुनेत्राबाईंनी त्याच्या भोवतीनं केर काढायचा, ओल्या फडक्याने पुसताना त्याला वळसा घालायचा. श्रावणातली हवा, लाकडी सोंगट्या. उंटांवर पांढरी बुरशी धरायला लागली. मग एकेक सोंगटी उचलायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि जिथली तिथे ठेवायची. एकदा प्यादं एक घर अलीकडे ठेवलं गेलं, तर यजमान लगेच, "ते तिथे नव्हतं!" बायको सकाळपासून उपाशी आहे हे दिसत नव्हतं, प्यादं दिसत होतं.

एखाद्या दिवशी पाऊस उघडला तर रानभाज्या विकणारी गंगुबाई टाकळा नाहीतर फोडशी घेऊन येई. तिच्या हातावर दोन घावन ठेवले की सुनेत्राबाईंना त्या दिवशी अन्न दिसे. पण त्या आठवड्यात पावसाने असा मुक्काम ठोकला की गंगुबाईही येईना. एकदा पोस्टमन आला. "आत या, चहा घ्या," म्हणेस्तोवर पत्र कठड्यावर टाकून गेला पण.

दत्तात्रेयांना बायकोच्या उपासाचं काही वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, म्हणून तर त्यांनी उपाय सुरू केले. ते उपाय उपासापेक्षा जड.

एके दिवशी कुरिअरवाला आला. सुनेत्राबाई आनंदाने चहा टाकायला निघाल्या, तर त्याने नखं कापायचं यंत्र काढून दिलं.

"हे कुणी मागवलं?"

"मी," दत्तात्रेय म्हणाले. "म्हणजे माणूस येईल ना दारी."

"अहो, म्हणजे बोलावलाच की तुम्ही त्याला!"

"मी यंत्र बोलावलं. तो आपण होऊन आला."

कुरिअरवाल्याने दोघांकडे पाहिलं आणि सही घेऊन काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी विठू रिक्षावाला पडवीत येऊन चुळबुळत उभा राहिला. "वैनी, मी सहज आलोय," तो म्हणाला. "मला कोणी पाठवलेला नाय. दत्तूभाऊंनी तर मुळीच नाय."

सुनेत्राबाईंनी त्याला चहा दिला, लाडू दिला, गोड बोलून पाठवलं, आणि आत येऊन कपाळावर हात मारला. पुन्हा उपास.

"अहो, एवढा खटाटोप करताय," त्या रात्रीची आवराआवर करताना म्हणाल्या, "त्यापेक्षा खाली जाऊन एक शब्द बोला ना त्यांना."

"काय बोलू? त्याचा गैरसमज झालाय. गैरसमज त्याचा, आणि जायचं मी?"

"म्हणजे तुम्ही काही चुकीचं बोललात असं वाटतच नाही तुम्हाला?"

"तो उस्ताद सगळ्यांना म्हणतो तसं."

सुनेत्राबाईंनी बाळकृष्णाकडे पाहिलं. तो लोण्याचा गोळा हातात धरून रांगत होता. त्याचं बरं होतं. त्याच्यासमोर रोज वेळेवर नैवेद्य येत होता. "आणि हा नेम तरी कुणी सांगितला होता मला?" त्या पुटपुटल्या. "फळं द्यायचा घेतला असता, दूध द्यायचा घेतला असता. माणसांवर टेकून राहायचं व्रत घेतलं मी, भोगते आता."

शनिवारी गोखले नाक्यावर फुलं घेताना साबेरा भेटली. फारुकभाईंची बायको. हातात पिशवी, चेहरा असा की हिलाही घरी कुणीतरी छळतंय.

"काय म्हणतायत भाई?" सुनेत्राबाईंनी हळूच विचारलं.

"नाव काढू नका वैनी. दिवसभर घरात. जेवण तिथेच, चहा तिथेच, आणि कानाशी तो मेला उस्ताद."

"अगं बाई! तेही?"

"नातीने लावून दिलान. झाराने. आता बघतात आणि शिव्या घालतात. 'ह्यानेच बिघडवलान माझ्या दत्तूला.' म्हटलं मग बघता कशाला? तर म्हणे, पुढची चाल काय करतो ते कळायला नको?" साबेराने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि कसम घेतलेनी. दत्तू चुकलो म्हणत नाय तोवर त्याच्या घरचं पाणी पिणार नाय. मी म्हटलं, वैनींनी काय केलंनी तुमचं? तर गप. पाठवून देऊ का मी?"

"नको!" सुनेत्राबाई एवढ्या घाईने म्हणाल्या की फुलवालीने वर पाहिलं. "पाठवू नकोस गं. पाठवून नको."

साबेराला ते भलतंच लागलं असणार. ती जरा थांबली, मान हलवली आणि निघाली. सुनेत्राबाई तिथेच उभ्या. बोलवायचं नाही, पाठवायचं नाही, सांगायचं नाही. आता समजूत काढायला आणखी एक माणूस वाढलं.

रविवार उजाडला. आदल्या दिवशीही अन्न पोटात गेलेलं नव्हतं. तरी सुनेत्राबाईंनी स्वयंपाक नेहमीसारखाच केला. वरण-भात, अळूचं फतफतं, आणि उगाचच, सवयीने, दोन माणसांचा चहा होईल एवढं दूध बाजूला काढून ठेवलं.

उस्ताद रविवारी सकाळी प्रेक्षकांशी खेळे. नावं द्यायची, तो त्यातून निवडे. दत्तात्रेयांनी कित्येक दिवसांपासून नाव देऊन ठेवलेलं होतं. त्या दिवशी ते पडवीतून ओरडत आत आले. "लागला! माझा नंबर लागला! सुनेत्रा, इकडे ये!"

एरवी ते तिला नावाने हाक मारत नसत. सुनेत्राबाई हात पुसत आल्या आणि मागे उभ्या राहिल्या.

"हे कोण आलेत बघा," फोनमधला उस्ताद म्हणाला. "दत्ता, रत्नागिरी. वा! काका असणार. काका, पेटी पाठवा हां आंब्याची. हरलो तरी मागणार, जिंकलो तरी मागणार."

दत्तात्रेय लाजल्यासारखे हसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चाली सुरू झाल्या. सुरुवात बरी गेली. मग त्यांनी सुनेत्राबाईंकडे वळून एक डोळा बारीक केला आणि वजीर नेऊन समोरच्या प्याद्याच्या तोंडी दिला.

उस्ताद पुढे वाकून बघू लागला. मग तो खुर्चीत मागे रेलून एवढा हसला की कानावरचं डबडं सरकलं.

"काकांनी वजीर दिला! मंडळी, पुण्यकर्म! चातुर्मास चालू आहे ना, दान केलाय वजीर! थांबा, मी शोधतोय हां, काहीतरी मागे असेल. सापळा असेल. नाही… काहीच नाही हो. नुसताच दिलाय!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एवढे चेहरे की पडदा भरून गेला. "काका, खरं सांगा. हे तुम्हाला आईने शिकवलं का?"

प्याद्याने वजीर मारला. पुढे काही उरलंच नाही. दत्तात्रेय एकेक चाल करत राहिले, कारण थांबायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मात झाली. "पुढचे कोण?" म्हणून उस्ताद पुढे गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. तो रोजच्यासारखा खेळला होता. दत्तात्रेयांनी फोन उपडा घातला.

इतके दिवस हा माणूस हरणाऱ्यांचे डाव बघत होता, आणि एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की आपला पाट त्या बाजूला मांडलेला आहे. सुनेत्राबाईंना हे सगळं बोलायचं होतं. शब्द जिभेवर होते. पण त्यांनी यजमानांच्या मानेकडे पाहिलं. मागून ती मान एकदम म्हाताऱ्या माणसाची दिसत होती.

"असं नव्हतं रे सांगितलं मी," त्यांनी मनातल्या मनात बाळकृष्णाला सुनावलं. "जरा भानावर आण म्हटलं होतं. गावासमोर उघडं पाड नव्हतं म्हटलं."

दत्तात्रेयांनी भात नुसता चिवडला. मीठ कमी आहे, जास्त आहे, काही नाही. मग पडवीत जाऊन मांडलेल्या पटासमोर बसून राहिले. घर एवढं शांत झालं की पागोळी कुठल्या कुंडीत पडतेय ते आतून कळावं. हीच शांतता त्या आषाढापासून मागत होत्या. आता ती मिळाली होती तर त्यांना घरात बसवेना.

"अहो, बोला काहीतरी," शेवटी त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. मिठाचं बोला."

त्यांनी पटावरच्या उंटाची बुरशी बोटाने पुसली.

दुपार कलायला लागली होती. सरीवर सर येत होती. आणि फाटकाची कडी वाजली. धाडकन वाजली, म्हणजे हळू उघडण्याच्या मनःस्थितीत माणूस नव्हता. चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून फारुकभाई वर आले. डोक्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधलेली, सदरा अंगाला चिकटलेला, आणि मोबाइल दुसऱ्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेला.

"छत्री न्यायला आलोय," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

"तिथे आहे," दत्तात्रेय म्हणाले. छत्री कोपऱ्यात होती तिथेच होती.

फारुकभाई कोपऱ्यापर्यंत गेले, छत्री हातात घेतली, वळले, आणि मग त्यांच्याने राहवेना. "वजीर का दिलास?"

"अँ?"

"वजीर! का दिलास? समोर प्यादं दिसत होतं ना? आंधळा झालास काय? झारा मला म्हणते, आजोबा, हे दत्तूआजोबा नाय काय? मी म्हटलं गप बस, दत्तू असा वजीर देणार नाय. तोवर दिलास पण! अम्मी काय सांगायची? किती वेळा सांगितलं तुला मी? वजीर हातचा सोडायचा नाय म्हणून!" त्यांनी छत्री बाकावर आपटली. पाणी उडालं. "आणि तो पोरगा! तुझ्या आईपर्यंत जातो! त्याला काय माहीत तुझी आई कोण होती?"

सुनेत्राबाई तोवर चहाचा कप घेऊन दारात आल्या होत्या. बोलावलेला नाही, पाठवलेला नाही. आपण होऊन आलेला माणूस भिजून पडवीत उभा होता. त्यांच्या हातात कप बशीत वाजत होता.

"भाई, आधी चहा घ्या."

फारुकभाईंचा हात सवयीने पुढे आला आणि मागे गेला. "नको वैनी. तुमच्यावर राग नाय माझा. पण कसम आहे."

दत्तात्रेयांनी बायकोकडे पाहिलं. तिचा उतरलेला चेहरा पाहिला, वाजणारा कप पाहिला. त्यांनी तोंड उघडलं. आता हे सांगणार, सुनेत्राबाईंना कळलं. सांगणार, की अरे तू पीत नाहीस म्हणून ही उपाशी आहे. की फारुकभाई घाईघाईने कप तोंडाला लावणार, कसम मोडणार, आणि वर तेच माफी मागणार. ह्यांचं काम परस्पर होऊन जाणार.

त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. नाही.

दत्तात्रेयांचं तोंड मिटलं. ते पटाकडे बघत राहिले. बाहेर कौलांवरून पाणी कोसळत होतं. सुनेत्राबाईंच्या डोळ्यांपुढे जरा अंधारल्यासारखं झालं, त्यांनी दाराच्या चौकटीला खांदा टेकवला. कप मात्र सोडला नाही.

"त्याला माहीत नव्हतं," दत्तात्रेय म्हणाले.

"काय?"

"माझी आई कोण ते. त्या पोराला माहीत नव्हतं." त्यांनी फारुकभाईंकडे पाहिलं. "मला अम्मी माहीत होती."



दत्तात्रेयांनी पटावरचा आपला राजा उचलला. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही आपण होऊन हार मानली नव्हती. हरताना तर पटच विस्कटून टाकायचे आणि म्हणायचे, चहा गार होतोय. त्यांनी राजा त्याच्याच घरात आडवा ठेवला. तो गोल होता म्हणून थोडा घरंगळला. त्यांनी तो बोटाने धरला.

"चुकलो," ते म्हणाले.

फारुकभाई पुढे वाकले. डोक्यावरच्या पिशवीतून पाण्याचा थेंब पटावर पडला. त्यांनी सगळा डाव पुन्हा एकदा निरखला. आपला तो फसलेला हत्ती, समोरचा उंट, सगळं.

"पण हा तर तू जिंकत होतास."

"होतो."

"मी रोज घरी मांडून बघतोय हा. सुटका नव्हती मला."

"ठाऊक आहे."

फारुकभाई बाकावर बसले. डोक्यावरची पिशवी काढली, घडी केली, खिशात ठेवली. मग सुनेत्राबाईंकडे हात पुढे केला. "आणा वैनी. निवला असेल आता." त्यांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. "पातोळे नाहीत काय?"

"उद्या करते," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि एवढं म्हणून आत पळाल्याच.

पान वाढलं. वरण-भात, त्यावर तुपाची धार, अळूचं फतफतं. चित्राहुती घातल्या, डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास घेतला. तोंडात पाणी सुटलं की डोळ्यांत, ते त्यांनाच कळलं नाही.

बाहेर सोंगट्या पुन्हा मांडल्याचा आवाज आला. पाऊस जरा ओसरला होता.

"अरे अरे अरे," फारुकभाईंचा आवाज आला, आणि हुबेहूब त्या पोराचा सूर. "साहेबांचा घोडा कुठे निघाला? लग्नाला?"

सुनेत्राबाईंचा घास हातात थांबला.

"माझा घोडा जाईल कुठेही. तू तुझा राजा सांभाळ."

"राजा सांभाळतोय, बाबा. वजीरही सांभाळतोय. आमच्याकडे दान करत नाहीत!"

"मंडळी, हे बोलतायत की खेळतायत?"

"वैनी!" फारुकभाईंनी आत आवाज दिला. "चहात साखर कमी होती हां आज!"

"साखरेची चाल चुकली बाईंची!" दत्तात्रेयांनी री ओढली. "तो मोठा डाव हरणार त्या आज!" आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत खोकेपर्यंत हसले.

सुनेत्राबाईंच्या तोंडात भात होता, मौन होतं, आणि बोलायचंही खूप होतं. त्यांनी देवघराकडे पाहिलं. बाळकृष्ण लोणी धरून रांगतच होता. मग त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलला आणि फरशीवर असा काही आपटला की कठड्यावरचं मांजर पाखाडीत जाऊन पडलं.

बाहेर चिडीचूप.

मग फारुकभाई अगदी हळू आवाजात म्हणाले, "दत्तू. शह."